वर्षावासानंतरची परसबाग

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. आषाढ पौर्णिमेपासून एका ठिकाणी वास्तव्य करून राहिलेला भिक्खुसंघ पवारणा करतो आणि पुढील महिनाभर, म्हणजे कार्तिक पौर्णिमेपर्यंत, गावोगावच्या विहारांत कठिन चीवरदानाचे समारंभ होतात. पंचांगाप्रमाणे पावसाळा सरलेला असतो. वऱ्हाडातील पाऊस मात्र पंचांग पाहून निघून जात नाही. २७ सप्टेंबरच्या सुमारास हस्त नक्षत्र लागते, १० ऑक्टोबरच्या आसपास चित्रा आणि २४ च्या आसपास स्वाती. या तिन्ही नक्षत्रांतील पाऊस आपल्या आजी-आजोबांनी नावानिशी ओळखला होता, कारण तो खळ्यावर आलेल्या पिकाला भिजवू शकतो आणि रब्बीच्या पेरणीला ओलही देऊ शकतो. विदर्भातून मान्सून साधारणतः ऑक्टोबरच्या पूर्वार्धात माघार घेतो. त्यानंतरही बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात एखादे वादळ उठले, की अमरावती-अकोल्यावर आठ-आठ दिवस ढग ठाण मांडून बसतात. त्यातच रात्री गार होऊ लागतात. सकाळी पानांवर दव, दुपारी उकाडा, सायंकाळी सर, आणि पहाटे पांघरूण ओढून घ्यावे असा गारवा.

दसऱ्यापासून साधारण मार्गशीर्षापर्यंतचा हा काळ घरामागच्या भाजीपाल्याला फार अवघड जातो. आपल्या भागात बहुतेक घरच्या बागा मे महिन्याच्या उन्हाने मरतात असा समज आहे. माझा अनुभव निराळा आहे. उन्हाळ्यात माणूस बागेकडे लक्ष देतो, कारण ती कोमेजताना दिसते. आश्विन-कार्तिकात ती हिरवीगार दिसत असते आणि खालून मुळे कुजत असतात. शिवाय त्याच वेळी घरातील सर्व हात वावरात असतात. सोयाबीनची सोंगणी, लागलीच कापसाची वेचणी. मजुरी करणाऱ्या घरात तर आई अंधारात निघते आणि अंधारात परतते. बाजारात पावसाने पालेभाजी सडलेली असते, म्हणून मेथी आणि सांभार (पुण्या-मुंबईकडे ज्याला कोथिंबीर म्हणतात तो) वर्षातील सर्वांत महाग याच दिवसांत होतो. ज्या ताटाला हिरव्या पानाची सर्वाधिक गरज, त्याच ताटातून तो याच महिन्यांत नाहीसा होतो. वाढत्या वयाच्या मुली, बाळंतिणी आणि वसतिगृहातील मुले यांच्या अंगी रक्त कमी असल्याची तक्रार आपल्या समाजात नवी नाही. पालेभाजीतील लोह, फॉलिक आम्ल आणि अ जीवनसत्त्वाला पूरक असणारा घटक यांसाठी आपल्याला दूर जावे लागत नाही; अंगणातील दोन वाफे आणि वर पिळायला लिंबाची एक फोड पुरते. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे पानातील लोह शरीराला अधिक शोषता येते, हे विज्ञानाच्या पुस्तकात सर्वांनी वाचलेच आहे.

ज्यांच्या नावावर एक गुंठाही शेती नाही अशी कुटुंबे आपल्या समाजात आजही पुष्कळ आहेत. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने १९६४ च्या डिसेंबरात भूमिहीनांसाठी देशभर सत्याग्रह केला, तेव्हा त्यामागे हाच प्रश्न होता. तो सुटेपर्यंत आपल्या घराची मागील भिंत आणि कुंपण यांमधील जागा हीच पुष्कळांची एकमेव जमीन आहे. तिच्याकडे शेती म्हणून पाहावे, एवढ्यासाठी हा लेख आहे.

आपल्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरामागील तुकडा माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. तेथील वाफ्यांवर देखरेख करण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे होते. आरंभी एका पालकांनी माझ्याकडे येऊन स्पष्ट शब्दांत विचारले, "सर, पोराला शिकायला धाडलं, खुरपं धरायला नाही. खुरपं तर आमच्या सात पिढ्यांनी धरलं." हा प्रश्न मला त्या वेळी बोचला आणि आजही मी तो बाजूला सारत नाही. आपल्या मुलांच्या हाती पुस्तकाऐवजी झाडू देणाऱ्या शाळांची आठवण आपल्या वडीलधाऱ्यांना आहे, म्हणून हा संशय योग्य आहे. आम्ही त्यावर एवढेच केले, की बागेचा तास विज्ञानाच्या तासिकेत धरला, त्यासाठी वेगळी वही ठेवली, त्या वहीला गुण दिले, आणि वाफ्यात शिक्षकही उतरले. निघालेली भाजी मुलांच्याच ताटात गेली. शिक्षकांच्या घरी एक जुडीही गेली नाही. पुढे तेच पालक सुटीच्या दिवशी मुलाला भेटायला येताना घरून गावरान वालाचे बी घेऊन आले.

आता मुख्य विषयाकडे वळू. वऱ्हाडची काळी माती प्रसिद्ध आहे, परंतु ती परसबागेच्या दृष्टीने समजून घेतली पाहिजे. या मातीत चिकणमातीचे प्रमाण मोठे असून तिचे कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळल्यावर आकसतात. उन्हाळ्यात जमिनीला ज्या भेगा पडतात, त्यांत हात जातो. भाद्रपदात त्याच भेगा मिटून जमीन रबरासारखी घट्ट होते आणि वरून पडलेले पाणी खाली उतरत नाही. मुळांना पाण्याइतकीच हवेची गरज असते. मातीच्या पोकळ्या पाण्याने भरल्या की हवा बाहेर जाते. मुळे श्वास घेऊ शकत नाहीत. आणि ज्या मुळांना श्वास नाही, ती पाणीही वर ओढू शकत नाहीत. म्हणून पाण्यात उभे असलेले वांग्याचे झाड दुपारी माना टाकते. ते पाहून घरातील माणूस कळवळतो आणि संध्याकाळी त्याला आणखी एक बादली पाणी घालतो. आश्विनात जितकी झाडे मी मेलेली पाहिली, त्यांतील निम्मी तरी या कळवळ्याने मेली.

याच्या जोडीला दुसरी गोष्ट घडते. पाणी साचलेल्या मातीत नत्राचा काही भाग पाण्याबरोबर खाली वाहून जातो आणि काही भाग सूक्ष्म जीवांच्या क्रियेमुळे वायुरूप होऊन उडून जातो. मग पाने पिवळी पडतात. लोक समजतात, रोग आला. कृषिकेंद्रातून औषधाची बाटली येते. वास्तविक तेथे औषधाचे काहीच काम नसते. पाणी काढून द्यावे, जमीन वाफशावर येऊ द्यावी, वरचा थर खुरप्याने हलका मोकळा करावा आणि झाडाच्या बुडाशी ओंजळभर चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत द्यावे. आठ-दहा दिवसांत नवी पालवी हिरवी निघते. वाफसा ओळखण्याची रीत आपल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे: मूठभर माती दाबून गोळा करावा, तो कमरेइतक्या उंचीवरून सोडावा, फुटला तर वाफसा, चेपला तर नाही. वाफसा नसताना वाफ्यात पाय ठेवू नये. ओल्या काळ्या मातीवर पडलेले एक पाऊल वाळल्यावर विटेसारखे होते आणि त्या जागी पुढे महिनाभर काही उगवत नाही. मुलांना ही गोष्ट सांगून पटत नसे, म्हणून आम्ही एका वाफ्यातील एक कोपरा मुद्दाम तुडवून ठेवला होता.

उपाय साधा आहे, तो म्हणजे गादीवाफा. जमिनीपासून सुमारे १५ सेंटिमीटर उंच आणि १ मीटर रुंद वाफा करावा. यापेक्षा रुंद केला तर मधोमध हात पोहोचत नाही आणि वाफ्यात पाय घालावा लागतो. लांबी जागेप्रमाणे. दोन वाफ्यांमध्ये एक हात रुंदीची नाली आणि तिला घराच्या उलट दिशेने उतार. मातीत तिसरा हिस्सा शेणखत मिसळावे, जमल्यास नाल्यातील थोडी रेतीही. एका वर्षी आम्ही शेजारी शेजारी दोन वाफे घेतले, एक गादीवाफा आणि एक जमिनीच्या पातळीला. दोन्हींत एकाच दिवशी एकाच पुडीतील पालक पेरला. दसऱ्यानंतर चार दिवस पाऊस लागला. सपाट वाफ्यातील बी बहुतांशी उगवलेच नाही. उकरून पाहिले तर ते मऊ होऊन सडलेले होते. गादीवाफ्यातील पालक मात्र उभा राहिला. मुलांनी त्या दोन्ही वाफ्यांची चित्रे वहीत काढली, आणि माझी सर्व व्याख्याने त्या चित्रांपुढे फिकी ठरली.

वळचणीच्या पाण्याकडेही लक्ष हवे. टिनाच्या छपरावरून पडणारी धार वाफ्यावर पडली तर ती माती उडवते, बी उघडे पाडते आणि चिखलाचे शिंतोडे पानांच्या खालच्या बाजूस चिकटवते. मातीतील बुरशी पानांवर जाते ती याच मार्गाने. भिंतीपासून दोन हात सोडून वाफा करावा, किंवा वळचणीखाली दगडगोटे पसरावेत. मातीवर सोयाबीनचे किंवा तुरीचे कुटार पातळ पसरले तर शिंतोडे उडत नाहीत. कुटार जाड पसरू नये, कारण पावसाळी हवेत त्याखाली गोगलगाई घर करतात. त्या झाल्याच तर संध्याकाळी ओले गोणपाट वाफ्याच्या कडेला अंथरावे; सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगाई वेचून दूर नेऊन सोडता येतात.

अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यातील गावांना एक वेगळीच अडचण आहे. तो खारपाणपट्टा होय. तेथील भूगर्भातील पाणी खारट, जमीन चोपण आणि निचरा अत्यंत मंद. त्या गावांतील पालकांनी विहिरीचे किंवा बोअरचे पाणी भाज्यांना सरसकट घालू नये. पावसाचे पाणी टाक्यात, पिंपात जितके साठवता येईल तितके साठवावे आणि कोवळ्या रोपांसाठी तेच राखून ठेवावे. मी स्वतः एकदा अशाच एका गावी नातेवाइकांच्या अंगणात टमाटरची रोपे लावून दिली आणि चार दिवस बोअरचे पाणी घातले. पानांच्या कडा करपल्या, रोपे खुजी राहिली. ज्या घरी वाढलेल्या आजीबाई होत्या, त्यांनी शेवटी सांगितले की आम्ही इथे पालक लावतो, टमाटर लावत नाही. त्यांचे बरोबर होते. पालक आणि बीट या भाज्या खारटपणा पुष्कळ सहन करतात; वाल आणि कांदा यांना तो सोसत नाही. चोपण जमिनीत माती परीक्षण करून जिप्सम घालण्याचा सल्ला कृषी विद्यापीठ देते. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ साली स्थापन झाले, ते आपल्या दारातच आहे. तेथे जाऊन मातीचा नमुना देण्यास कोणी संकोच करू नये. ज्यांच्या नावाने ते उभे आहे त्या भाऊसाहेबांनी अमरावतीत सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय चालविले होते, हे आपल्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांना माहीत असावे.

राखेविषयी एक शब्द. चुलीतील राख बागेत टाकण्याची पद्धत आपल्याकडे घरोघर आहे. पानांवर मावा पडला असता सकाळच्या दवावर चिमूटभर राख भुरभुरणे ठीक आहे. परंतु टोपल्याच्या टोपल्या राख मातीत मिसळणे वऱ्हाडात चुकीचे आहे, कारण राख अल्कधर्मी असते आणि आपली काळी माती मुळातच तशी आहे. कोकणातील तांबड्या आम्लधर्मी मातीला जे मानवते, ते आपल्याला मानवत नाही. पुस्तके आणि मोबाईलवरील चित्रफिती हा भेद क्वचितच सांगतात.

आता बियांकडे येऊ. विनयपिटकातील पाचित्तिय नियमांत भिक्खूंना झाडे-वेली तोडण्यास मनाई आहे आणि त्या नियमाच्या विवेचनात वनस्पती कशापासून वाढतात याचे पाच प्रकार दिले आहेत: मुळापासून, खोडापासून, पेरापासून, शेंड्यापासून आणि बीपासून. हळद आणि आले यांची उदाहरणे मुळापासून वाढणाऱ्यांत तेथे स्पष्टपणे दिलेली आहेत, तर ऊस आणि बांबू पेरापासून वाढणाऱ्यांत. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या संघाने वनस्पतींकडे किती बारकाईने पाहिले होते याचा हा पुरावा आहे, आणि परसबाग लावणाऱ्याला ती वर्गवारी आजही उपयोगी पडते. या गार, ओल्या दिवसांत बीपासून वाढणाऱ्या कोवळ्या रोपांना धोका सर्वांत अधिक. कंद, पाकळी आणि फांदी यांच्यापाशी स्वतःची शिदोरी असते, ती तग धरतात. म्हणून ज्या वर्षी पाऊस लांबेल त्या वर्षी लसणाच्या पाकळ्या, कांद्याच्या पातीसाठी लहान कांदे आणि पुदिन्याच्या काड्या यांवर भर द्यावा. धोपा, म्हणजे अळू, तर न्हाणीच्या पाण्यावर आधीच माजलेला असतो. त्याला फक्त जुनी पाने काढून मोकळे करावे.

बी पेरायचे ते उष्णतेचा हिशेब करून. भेंडी, गवार, दोडके, कारले यांना उगवण्यासाठी उबदार जमीन लागते; दिवाळीनंतर लावलेली भेंडी उगवली तरी कुंथत राहते. उलट मेथी, पालक, सांभार, मुळा, चाकवत, शेपू, गाजर यांना गारवा मानवतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि डिसेंबरच्या रात्री तो कित्येकदा १० अंशांच्या आसपास उतरतो. त्यामुळे कॅलेंडरकडे पाहण्यापेक्षा पहाटे पांघरूण लागू लागले का, याकडे पाहावे. लागू लागले की मेथी पेरावी. मेथी तीन-पाच दिवसांत उगवते आणि महिन्याभरात कापणीला येते. पालकाला आठवडाभर लागतो. सांभार सावकाश, आठ-बारा दिवस घेतो, आणि तोही धणे रगडून दोन फाकी केल्या तरच. आख्खे धणे पेरून "बी खराब निघाले" म्हणणारे पुष्कळ भेटतात. एकाच दिवशी सारा वाफा पेरू नये. दहा-बारा दिवसांच्या अंतराने थोडे थोडे पेरावे, म्हणजे एका पावसाने सर्व गेले असे होत नाही आणि ताटात भाजी अखंड राहते. आमच्या वहीत याला मुलांनी "हप्त्याची पेरणी" असे नाव दिले होते.

टमाटर (ज्याला आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी भेदरं हे नाव आहे), मिरची, वांगी, कोबी यांची रोपे आधी तयार करावी लागतात आणि याच ठिकाणी सर्वाधिक निराशा होते. रोपे बोटभर होतात आणि एका सकाळी जमिनीलगत माना मोडून आडवी पडलेली दिसतात. हा मर रोग होय. ओलसर मातीतील बुरशी कोवळ्या खोडाचा बुडखा कुजवते. दाट पेरणी, सावली आणि रोज संध्याकाळचे पाणी ही त्याची तीन निमंत्रणे आहेत. बी विरळ, ओळींत पेरावे. ट्रायकोडर्मा या उपकारक बुरशीची भुकटी किलोला ४ ते ५ ग्रॅम या प्रमाणात बियांना चोळावी. पाणी सकाळी द्यावे, म्हणजे सायंकाळपर्यंत मातीचा वरचा पदर सुकतो. ढगाळ दिवशी पाणी देऊच नये. सततच्या पावसात रोपवाटिकेवर बांबूच्या कमानी करून प्लॅस्टिक टाकावे, परंतु दोन्ही तोंडे उघडी ठेवावीत. बंद केले तर आत वाफ कोंडते आणि ज्याच्यासाठी छत्र धरले तोच रोग घरात येतो.

मोठ्या झाडांवर या हवेत करपा आणि भुरी येतात. टमाटरची जमिनीला टेकलेली खालची पाने काढून टाकावीत, झाडाला तुराटीचा किंवा पऱ्हाटीचा आधार द्यावा, दोन झाडांत हवा खेळेल एवढे अंतर ठेवावे. एवढ्याने पुष्कळ भागते. करपा वाढतच असेल तर एक टक्क्याचे बोर्डो मिश्रण घरी करता येते: १०० ग्रॅम मोरचूद ५ लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या ५ लिटर पाण्यात, आणि दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत लाकडी काठीने ढवळावे. भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची असावीत. लोखंडी खिळा त्यात थोडा वेळ बुडवावा. त्यावर तांबूस थर बसला तर मोरचूद अधिक झाले, आणखी चुन्याची निवळी घालावी. मिश्रण त्याच दिवशी वापरावे आणि पालेभाजीवर कधीच फवारू नये. आमच्या नववीच्या मुलांना रसायनशास्त्राच्या धड्यातील विस्थापन अभिक्रिया या खिळ्याने जितकी समजली तितकी फळ्यावर समजली नव्हती.

किडींचा प्रश्न निघाला की आपल्या घरांत एक प्रामाणिक शंका विचारली जाते. पहिले शील प्राणिहिंसेपासून विरत राहण्याचे आहे, मग अळी मारावी की नाही? मी भिक्खू नाही आणि या प्रश्नाचा निवाडा करण्याचा माझा अधिकार नाही. परंतु एक गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. वर्षावासाचा नियम ज्या कारणाने घालून दिला गेला, ते कारण विनयपिटकात नोंदलेले आहे: पावसाळ्यात श्रमण हिरवे गवत तुडवीत आणि असंख्य लहान जीव चिरडीत हिंडतात, अशी लोकांनी तक्रार केली होती. भगवंतांनी ती तक्रार ऐकली आणि संघाला तीन महिने एका जागी राहण्यास सांगितले. म्हणजे उपाय असा शोधला, की मारण्याचा प्रसंगच कमी यावा. परसबागेत तसे पुष्कळ करता येते. कोबीच्या कडेला मोहरीची ओळ लावली की चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची मादी मोहरीकडे वळते. टमाटरच्या मधून झेंडू लावावा. वांग्याचा शेंडा मलूल झालेला दिसताच तो आतील अळीसह खुडून वाफ्याबाहेर टाकावा, फळे वाचतात. माव्यावर पाण्याचा जोरदार फवारा पुष्कळदा पुरतो, आणि ढालकिडे वाफ्यात असतील तर त्यांना त्यांचे काम करू द्यावे.

एवढ्यानेही आवरले नाही तर निंबोळी अर्क. उन्हाळ्यात वेचून वाळवलेल्या निंबोळ्या कुटून ५०० ग्रॅम भुकटी थोड्या पाण्यात रात्रभर भिजत घालावी, सकाळी फडक्यातून गाळावी, त्यात २० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवावा आणि एकूण १० लिटर पाणी करावे. फवारणी सायंकाळी करावी, कारण उन्हाने अर्काचा गुण लवकर जातो. हा अर्क अळीला तत्काळ मारत नाही. तिची खाण्याची इच्छा आणि वाढ थांबवतो. ज्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी अळ्या मेलेल्या पाहायच्या असतात त्यांचा याने विरस होतो.

आणि येथे मला पालकांशी कठोरपणे बोलले पाहिजे. कपाशीवर फवारून उरलेले कीटकनाशक अंगणातल्या वांग्यांवर मारण्याची सवय आपल्या गावांत आहे. २०१७ च्या पावसाळ्याअखेर शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांना प्राण गमवावे लागले. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतही विषबाधेचे रुग्ण दवाखान्यांत दाखल झाले. उंच वाढलेली दाट कपाशी, दमट हवा, तोंडाला फडके नाही, हातात मोजे नाहीत. त्यांत मजुरी करणारे बहुसंख्य कोण असतात हे मी सांगायला नको. जे विष वावरात माणूस पाडते, ते उद्या खुडायच्या भाजीवर कसे चालेल? मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक भाजीपाल्यावर वापरण्यास आपल्या देशात २००५ पासूनच बंदी आहे. तरी त्याची अर्धी बाटली घराच्या कोनाड्यात ठेवलेली मी पाहिली आहे. रिकाम्या डब्यांत पिण्याचे पाणी, रॉकेल किंवा बियाणे ठेवू नये. डबे भोके पाडून निकामी करावेत. आणि घरात असे औषध असेल तर ते कुलपात असावे. नापिकीच्या वर्षी ते हाताशी नसण्याने आपल्या भागात एखाद्या घराचा कर्ता वाचू शकतो.

सन २०१९ ची दिवाळी २७ ऑक्टोबरला होती. त्याच दिवसांत अरबी समुद्रात 'क्यार' आणि पाठोपाठ 'महा' ही चक्रीवादळे आली, आणि महाराष्ट्रात सोंगून ठेवलेल्या सोयाबीनला गंजीतच कोंब फुटले. ज्वारी काळी पडली. वऱ्हाडातही वावरातले सोने डोळ्यांदेखत सडले. २०२३ च्या नोव्हेंबरअखेरही अशाच अवकाळी पावसाने विदर्भाला झोडपले. अशा मोठ्या नुकसानीपुढे दोन वाफ्यांची गोष्ट करणे कोणाला हास्यास्पद वाटेल. पण त्या दिवाळीनंतर ज्या घरांच्या मागे उंच वाफ्यात मेथी होती आणि मांडवावर वाल होता, त्या घरांत रोजच्या भाजीचा पैसा तरी वाचला, हे मी आपल्या विद्यार्थ्यांच्या घरी जाऊन पाहिले आहे. उमेद अभियानाने बचतगटांतील महिलांसाठी 'माझी पोषण परसबाग' ही मोहीम चालविली तिचा आधारही हाच आहे. मोहिमेतील गोल परसबागेचा नकाशा सुंदर आहे. मात्र काळ्या मातीत त्याचे मधले खोलगट आळे पावसाळ्यात भरते, म्हणून आपल्याकडे मध्यभाग उंच करून उतार बाहेर काढावा असे माझे मत आहे.

वाल आणि त्याच्या कोवळ्या दाण्यांची, म्हणजे पोपटांची, भाजी हा वऱ्हाडी हिवाळ्याचा मान आहे. वालाचा वेल जूनमध्ये लागतो, पावसात नुसता वाढतो आणि दिवस लहान झाल्यावरच फुलतो. कार्तिकात "फुलत नाही" म्हणून तो उपटणारे लोक फुलांच्या पंधरा दिवस आधीच उपटतात. थांबावे. अंबाडीचेही याच सुमारास शेवटचे कोवळे शेंडे मिळतात. ज्वारीच्या कण्या घालून केलेली तिची भाजी वसतिगृहात वाढली जाई तेव्हा शहरी मुले नाक मुरडत आणि दुसऱ्या वेळी स्वतः मागून घेत. शेवग्याच्या फांद्या पावसाळी वाऱ्याने मोडतात, त्या तशा मोडल्या असता खोड आडवे स्वच्छ कापावे. नवी फूट भरपूर येते आणि तिचा पालाही भाजीचाच.

सम्राट अशोकाच्या दुसऱ्या गिरनार शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधी वनस्पती, तसेच मुळे आणि फळे जेथे नाहीत तेथे आणून लावल्याची नोंद आहे. "आणून लावली" हा शब्दप्रयोग मला महत्त्वाचा वाटतो, कारण बी आपोआप येत नाही. बाजारातील संकरित बियाण्याची पुडी दरवर्षी विकत घ्यावी लागते. तिच्यातून निघालेले बी धरले तर पुढच्या पिढीत गुण विखुरतात. म्हणून मेथी, पालक, सांभार, वाल, बरबटी, अंबाडी, दोडके आणि गावरान वांगी यांचे सरळ वाण लावावेत. पांढऱ्या कांद्यात कृषी विद्यापीठाचा 'अकोला सफेद' हा वाण आपल्या हवामानात चांगला येतो. सर्वांत निरोगी झाडाला सूत बांधून खूण करावी आणि त्याची भाजी खुडू नये. घरातील माणसांना हे जड जाते. आमच्या स्वयंपाकाच्या मावशींनी एकदा सूत बांधलेले दोडके सूतासह चिरले होते. दोडके वेलावरच वाळून आतून बी खुळखुळू लागले, की उतरवावे. वाल आणि बरबटीच्या शेंगा पावसाची चाहूल लागताच, पूर्ण वाळल्या नसल्या तरी, काढून सावलीत पसराव्यात. नाहीतर दाणे शेंगेतच कोंब धरतात. बी दाताखाली टणक लागेपर्यंत वाळवावे, कोरड्या काचेच्या बाटलीत कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यासह भरावे, आणि बाटलीवर भाजीचे नाव, गाव आणि साल लिहावे.

आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतील उजव्या हाताच्या कपाटात अशा बाटल्यांचा एक कप्पा आहे. वालाच्या बाटलीवर त्या पालकांच्या गावाचे नाव अजून वाचता येते. माजी विद्यार्थ्यांनी आषाढ पौर्णिमेच्या आधी येऊन तेथून मूठभर बी न्यावे, आणि पुढच्या वर्षी येताना त्याच भाजीचे, पण स्वतःच्या अंगणात धरलेले, मूठभर बी परत आणावे.